अर्ध्या किलोचा हिशेब

आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. सीतादही, म्हणजे कापसाच्या वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली आणि ऐन भरात आली की संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी डोक्यावर घेऊन धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली ओळीने येतात. फांदीला ताणकाटा टांगलेला असतो. गाठोडे आकड्याला लागले, काटा थरथरून स्थिर झाला, की मी वजन मोठ्याने वाचते आणि वहीत मांडते. हे काम माझ्याकडे येण्यापूर्वी सासूबाई करीत असत. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत, परंतु चौदा जणींचे चौदा आकडे त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मनात धरून ठेवीत आणि आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री एकेकीची बेरीज बोटांच्या पेरांवर करून पैसे मोजून देत. वही माझ्या हाती देताना त्यांनी एकच नियम सांगितला होता : “अर्धा भरला का पुरा लेहाचा.” आमच्या काट्यावर अर्ध्या किलोच्या खुणा आहेत. साडेछत्तीस भरले तर सदतीस लिहायचे, कारण तो अर्धा किलो वेचणारीचा.

या एका वाक्याचे मोल मला ज्या मार्गाने कळले तो मार्ग संगणकाच्या भाषेतून गेला, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

२०२२ च्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. तो अमरावतीला अभियांत्रिकी शिकतो. रात्री कंदिलाएवढ्या उजेडात मी वहीवर वाकून बेरजा करीत बसलेली पाहून त्याने माझ्या मोबाइलवर पायथॉन ही संगणकाची भाषा चालवण्याचे एक अॅप घालून दिले, चार-पाच गोष्टी दाखवल्या आणि सुटी संपताच निघून गेला. बी. ए. होऊन मला पंधरा वर्षे झाली होती, गणित दहावीनंतर सुटले होते, आणि पायथॉन म्हणजे अजगर एवढेच मला ठाऊक होते. परंतु हिशेब माझा होता. जो हिशेब आपण रोज करतो तो दुसऱ्या कोणाला समजावून सांगायचा असेल तर कोठून सुरुवात करावी लागेल, या प्रश्नाने मला धरून ठेवले. त्या मोबाइलच्या पडद्याला मी माझी वही समजावून सांगू लागले.

पहिला आठवडा बेरजेत गेला. मी एक रिकामा डबा केला, त्यात शून्य ठेवले, मग वजनांच्या यादीतले एकेक वजन घेऊन त्या डब्यात टाकत गेले आणि शेवटी डब्यात काय साचले ते छापून पाहिले. सांगायला हे एका वाक्याचे काम आहे, परंतु पुढची ओळ थोडी आत सरकवून लिहावी लागते हे कळायला एक रात्र गेली आणि डबा दर फेरीला पुन्हा रिकामा का होतो हे कळायला दुसरी. शून्य ठेवण्याची ओळ मी फेरीच्या आत लिहिली होती. ती बाहेर काढली तेव्हा बेरीज वहीशी जुळली. त्यानंतर सर्वांत जास्त कोणी वेचले हे शोधायचे होते. पहिले वजन हातात धरावे, पुढचे त्याहून मोठे निघाले तर हातातले टाकून ते घ्यावे, यादी संपेपर्यंत असेच चालत जावे; हे मी स्वतः शोधून काढले आणि त्याचा मला फार आनंद झाला.

भाच्याला फोनवर हे सगळे वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “मामी, हे तं आधीच बनवून ठेवलं हाये. बेरजेले ‘सम’ म्हना, मोठ्यात मोठा पाहाचा असन तं ‘मॅक्स’ म्हना, अन् मोकळ्या व्हा.”

त्या रात्री मला वाईट वाटले. आठ दिवसांची माझी मेहनत भाषेच्या पोटात आधीपासूनच पडून होती. पायथॉन सुरू केला की काहीही मागवून न घेता जी फंक्शने, म्हणजे नाव घेतले की ठरलेले काम करून देणारी हत्यारे, हाताशी असतात त्यांना बिल्ट-इन म्हणतात. ती ७० च्या आसपास आहेत. छापणारे ‘प्रिंट’, विचारणारे ‘इनपुट’, लांबी मोजणारे ‘लेन’, लहानात लहान सांगणारे ‘मिन’, रांगेत लावणारे ‘सॉर्टेड’, आणि शंका आल्यास माहिती देणारे ‘हेल्प’. बाकीची पुष्कळ हत्यारे ‘इम्पोर्ट’ असे लिहून कोठारातून आणावी लागतात, ही मात्र उंबऱ्याच्या आतच ठेवलेली असतात. मग मी रिकाम्या डब्यात शून्य का ठेवीत बसले होते?

त्याचे उत्तर मला माझ्या आजोबांनी दिले, जे आज हयात नाहीत. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनपट. सोळाची औटकी किती असे विचारले की विचारणाऱ्याचे वाक्य संपण्याआधी ‘छप्पन्न’ असे उत्तर येई. चौदाची पाऊणकी साडेदहा, तेराची दिडकी साडेएकोणीस. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे मापेही बदलली, तसे हे पाढे शाळेतून गेले, परंतु आजोबांच्या तोंडातून गेले नाहीत. लहानपणी मला वाटे की त्यांना ही उत्तरे नुसती आठवतात. एकदा मी हट्टाने विचारले की सोळाची औटकी छप्पन्नच कशावरून. त्यांनी अंगणात तुरीचे दाणे मांडले. सोळा-सोळाचे तीन ढीग केले, चौथा ढीग मोडून त्याचा अर्धा ठेवला आणि म्हणाले, “आता मोज.” मी मोजले. त्यानंतर औटकी मीही पाठ केली, पण त्या दिवसापासून ती माझ्यासाठी केवळ पाठ केलेली गोष्ट राहिली नाही. बाजारात कोणी छप्पन्नाच्या जागी चोपन्न म्हटले असते तर मी दाणे मांडून दाखवू शकले असते.

माझा तो डबा आणि त्यातले शून्य म्हणजे तुरीचे दाणे होते. म्हणून आज गावातल्या मुली माझ्याकडे पायथॉन शिकायला येतात तेव्हा मी त्यांना बेरीज एकदा हाताने लिहायला लावते, मोठ्यात मोठा आकडा एकदा हाताने शोधायला लावते, आणि त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, ‘सम’ आणि ‘मॅक्स’ दाखवते. सगळे हातानेच करावे असे म्हणणारे काही जण असतात. त्यांचे मला पटत नाही. ही फंक्शने बहुतांशी सी या संगणकाच्या दुसऱ्या भाषेत लिहिलेली आहेत, त्यामुळे ती आपण लिहिलेल्या फेरीपेक्षा जलद चालतात, आणि जगभरच्या असंख्य लोकांनी वर्षानुवर्षे वापरून त्यांतले दोष काढलेले आहेत. परंतु हाताने काहीच न करता थेट तयार फंक्शनावर जाणारीही अडचणीत येते. फंक्शनाने चुकीचे उत्तर दिले, किंवा बरोबर उत्तर चुकीच्या प्रश्नाला दिले, तर तिला ते ओळखता येत नाही. दुसरी अडचण मी स्वतः अनुभवली आहे.

‘मॅक्स’चा प्रसंग त्यातला पहिला. तोपर्यंत मी वजने प्रोग्रामातच लिहून ठेवीत असे. पुढे ‘इनपुट’ शिकले आणि काट्याजवळ उभी राहून मोबाइलवरच एकेक आकडा भरू लागले. कळफलक मराठी होता, म्हणून आकडेही देवनागरीच भरले : ३१, २८, ९ आणि इतर. नऊ किलो वेचणाऱ्या आजीबाई त्या दिवशी दुपारी उशिरा आल्या होत्या. सर्वांत जास्त कोणी वेचले असे ‘मॅक्स’ला विचारले तर त्याने ९ हे उत्तर दिले. मी तीन वेळा विचारले, तीनही वेळा नऊ. ‘सम’ला बेरीज विचारली तर त्याने उत्तरच दिले नाही, अंक आणि अक्षरे यांची बेरीज होत नाही अशा अर्थाचा लाल संदेश दाखवून ते थांबले.

कारण कळले तेव्हा दोन्ही फंक्शनांचा स्वभाव कळला. ‘इनपुट’ जे काही आणून देते ते अक्षरांच्या रूपात देते, मग आपण आकडा का टाकलेला असेना. अक्षरांची तुलना शब्दकोशातल्याप्रमाणे होते. पहिले अक्षर पाहायचे, ते वेगळे असेल तर तेथेच निर्णय द्यायचा. ९ हे ३ च्या आणि २ च्या नंतर येते, म्हणून नऊ मोठा. ‘मॅक्स’ला अक्षरेही चालतात आणि अंकही चालतात, त्यामुळे त्याला काही खटकले नाही. ‘सम’ची सुरुवात मात्र शून्यापासून होते, माझ्या डब्यासारखीच, आणि शून्यात अक्षर मिळवता येत नाही म्हणून ते अडले. शून्य ठेवण्याची ओळ मी स्वतः लिहिली नसती तर ते का अडले हे मला त्या संध्याकाळी उमगले नसते. तेव्हापासून लाल संदेश दिसला की मला धीर येतो. थांबून सांगणारे फंक्शन आपल्याला सावध करते. गुपचूप नऊ म्हणणारे फंक्शन आपल्याला आजीबाईंच्या नावावर सर्वांत जास्त वेचणीची नोंद करायला लावते.

उपाय सोपा होता : आलेले अक्षर ‘फ्लोट’मधून काढायचे म्हणजे त्याचा दशांशासह अंक होतो, किंवा ‘इंट’मधून काढायचे म्हणजे पूर्णांक होतो. येथे मला एक सुखद आश्चर्य भेटले. मला वाटले होते की आता इंग्रजी अंकांचा कळफलक लावावा लागेल. परंतु ‘फ्लोट’ला मी देवनागरीत ३६.५ असे भरून दिले आणि त्याने ते जसेच्या तसे समजून घेतले. देवनागरी अंकांनाही ही दोन्ही फंक्शने अंक म्हणूनच ओळखतात. प्रोग्रामाच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिला तर चालत नाही, तेथे चूक दाखवली जाते. पण बाहेरून आलेला अंक चालतो. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी मोबाइल हातात घेऊन स्वतः एक ‘७’ दाबला आणि खाली काय येते ते पाहत राहिल्या.

नावांचाही एक घोटाळा झाला होता. हाताने केलेल्या बेरजेत माझ्या डब्याचे नावच मी ‘सम’ ठेवले होते, कारण शाळेतल्या इंग्रजीतला तो शब्द मला येत होता. भाच्याने सांगितल्यावर त्याच प्रोग्रामात खाली मी ‘सम’ला यादी दिली, तर उत्तर आले की पूर्णांकाला अशी हाक मारता येत नाही. घरात एकाच नावाची दोन माणसे असली तर हाक मारल्यावर जो जवळ असेल तो आधी ओ देतो, तसे येथे होते. पायथॉन नाव शोधताना आधी आपल्या प्रोग्रामात पाहतो आणि तेथे मिळाले नाही तरच बिल्ट-इनांकडे जातो. माझ्या डब्याने ओ दिली, आणि डब्याला बेरीज येत नव्हती. तेव्हापासून मी माझ्या डब्यांना मराठी नावे देते. पायथॉन तिसऱ्या आवृत्तीपासून ती चालवून घेतो. ‘एकूण’, ‘वजने’, ‘मजुरी’ अशी नावे दिली की ती कोणत्याही बिल्ट-इन फंक्शनाच्या आड येत नाहीत, आणि वाचतानाही आपलेपण वाटते.

तक्ता नीट छापावा म्हणून ‘लेन’कडे गेले तेव्हा त्याने ‘कापूस’ या शब्दाची लांबी पाच सांगितली आणि ‘वर्धा’ची सुद्धा पाचच. आपण वाचताना तीन आणि दोन अक्षरे मोजतो. ‘लेन’ क, काना, प, दीर्घ उकार आणि स असे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजते, ‘वर्धा’त तर पाय मोडण्याची खूणही मोजते. त्याची मोजणी चुकीची नाही, ती वेगळ्या गोष्टीची मोजणी आहे. माझ्या तक्त्याचे रकाने मात्र वाकडे ते वाकडेच राहिले आणि मी त्यात फार वेळ घालवला नाही.

‘सॉर्टेड’विषयी मला केवळ आदर आहे. त्याच्या आतली पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथॉनसाठी तयार केली, आणि तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी काट्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच पटते. दोन वजने समान असतील तर मूळ यादीत जी आधी होती ती आधीच राहते. आमच्याकडे जी आधी गाठोडे घेऊन आली तिचे नाव वर राहावे असा रिवाज आहे. सारखे भरले म्हणून तिला मागे ढकलले तर तिला ते लागते. ही काळजी दूर कोठेतरी बसून कोणीतरी घेतलेली आहे हे कळल्यावर मला पहिल्यांदाच जाणवले की प्रत्येक तयार फंक्शनाच्या आत एखाद्या माणसाने घेतलेला निर्णय असतो. खिदो व्हान रोसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत काम करीत असताना नाताळच्या सुटीत ही भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. तेव्हापासून असे निर्णय होत आले आहेत, काही बदललेही आहेत. त्यातला एक बदललेला निर्णय आमच्या कडुनिंबाखाली येऊन पोहोचला.

सासूबाईंचा नियम प्रोग्रामात आणायचा होता. दशांश काढून जवळचा पूर्ण आकडा देणारे ‘राउंड’ हे बिल्ट-इन मला सापडले. शाळेत शिकवले होते की पाच किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा अंक घ्यावा. ‘राउंड’ तेच करीत असणार असे मी धरून चालले. साडेसदतीस देऊन पाहिले, अडतीस आले. एका आकड्यावर विश्वास ठेवून मी पुढे गेले.

अकरा दिवस तसेच चालले. पहिल्या आठवड्याचे पैसे एकरकमी दिले गेले, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. बाराव्या दिवशी मी पहिल्यांदाच काट्यापाशी वजनाबरोबर त्या दिवसाची मजुरीही वाचून दाखवली. किलोला दहा रुपये असा भाव ठरलेला होता. दोन जावा शेजारशेजारच्या ओळींत दिवसभर वेचतात, गाठोडीही एकामागोमाग लावतात. एकीचे साडेछत्तीस भरले, दुसरीचे साडेसदतीस. मी वाचले : तीनशे साठ, तीनशे ऐंशी. पहिली जाऊ तेथून हलली नाही. म्हणाली, “बाई, तिच्या अन् माह्या गाठोड्यात एक्याच किलोचा फरक व्हता. मंग पैशात वीस रुपयांचा काहून?”

मी काट्याकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी वहीत तिच्यासमोर सदतीस लिहिले व उद्या सांगते असे म्हणाले.

त्या रात्री मी ‘राउंड’ला लहान आकडे दिले. अर्धा दिला तर शून्य आले. दीड दिला तर दोन. अडीच दिले तर दोन. साडेतीन दिले तर चार, आणि साडेचार दिले तरीही चारच. म्हणजे अर्धा नेमका मध्यावर असला की ते कधी वर जाते आणि कधी खाली येते, आणि ज्या बाजूला सम संख्या असेल त्या बाजूला जाते. येथे सम म्हणजे दोनाने भाग जाणारी, बेरजेचे ‘सम’ नव्हे. साडेछत्तीसच्या एका बाजूला छत्तीस, दुसऱ्या बाजूला सदतीस. सम छत्तीस, म्हणून छत्तीस. साडेसदतीसच्या बाबतीत सम अडतीस. ‘हेल्प’ला विचारले तर त्याने ‘राउंड’विषयी मोजक्या ओळी दाखवल्या, आणि त्यांत अर्ध्याचे काय होते याचा उल्लेख नव्हता. तो पायथॉनच्या अधिकृत पुस्तिकेत मिळाला. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत ‘राउंड’ शाळेतल्यासारखेच वर जात असे. तिसऱ्या आवृत्तीत, जी डिसेंबर २००८ मध्ये आली, ते समाकडे जाऊ लागले. या पद्धतीला बँकर्स राउंडिंग असेही म्हणतात, आणि संगणकातील अपूर्णांकांच्या (फ्लोटिंग-पॉइंट) गणितासाठी १९८५ साली जे प्रमाण ठरले त्यातही हीच पद्धत मुख्य मानलेली आहे.

मला राग आला होता, तो कारण वाचल्यावर गेला. माझ्या त्याच पाच आकड्यांची बेरीज करून पाहा : अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार मिळून साडेबारा होतात. शाळेच्या पद्धतीने प्रत्येक वेळी वर गेले तर एक, दोन, तीन, चार, पाच म्हणजे पंधरा होतात. ‘राउंड’च्या पद्धतीने शून्य, दोन, दोन, चार, चार म्हणजे बारा होतात, जे खऱ्या बेरजेच्या कितीतरी जवळ आहेत. लाखो आकडे असतील तर दरवेळी वर जाण्याने बेरीज फुगत जाते. कधी वर कधी खाली गेल्याने ती फुगत नाही. ज्याने हा निर्णय घेतला त्याला एकूण बेरीज खरी राहावी अशी काळजी होती, आणि ती काळजी योग्य आहे. परंतु आमच्या काट्यापाशी एकूण बेरजेचा प्रश्न नसतो. तेथे प्रत्येक गाठोड्यामागे एक बाई उभी असते. एकीचा अर्धा किलो कापून दुसरीला अर्धा किलो वाढवून दिला आणि गोळाबेरीज जुळली, तर ज्या बाईचा कापला गेला तिला त्या जुळण्याचे काय?

दुसऱ्या दिवशी मी जुन्या नोंदी काढल्या. अकरा दिवसांच्या १४७ नोंदी होत्या. अर्ध्या किलोवर थांबलेल्या ७१, आणि त्यांपैकी ज्यांत खालचा आकडा सम होता अशा ३८. अडतीस किलो, ३८० रुपये. कोणाचे पन्नास गेले होते, कोणाचे दहा, दोघींचे काहीच गेले नव्हते. मी एकेकीला तिच्या तारखा वाचून दाखवून पैसे दिले. त्यांनी ते घेतले, पदराला बांधले आणि वेचायला गेल्या. मला मात्र तो दिवस वावरात नीट उभे राहता आले नाही, कारण ज्या गोष्टीत सासूबाईंच्या हातून वीस वर्षांत चूक झाली नव्हती तेथे माझ्या हातून ती झाली होती, आणि चूक फंक्शनाची नव्हती. ते जे करते असे लिहिलेले आहे तेच ते करीत होते. मी एकच आकडा देऊन पाहिला आणि तोही नेमका असा की ज्यात दोन्ही नियमांचे उत्तर एकच येते. अडीच देऊन पाहायला अर्धे मिनिट लागले असते.

आता काय करावे हा प्रश्न उरला. भाच्याचे म्हणणे पडले की पूर्णांक करण्याची गरजच काय. साडेछत्तीसचे तीनशे पासष्ट द्यावेत, संगणकाला अपूर्णांकाचा त्रास होत नाही. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. मी रात्री सासूबाईंशी बोलले. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की अर्धा पुरा धरायचा तो बेरीज सोपी व्हावी म्हणून नव्हे. सकाळी दवाने भिजलेल्या बोंडांत हात घालून बोटे चिरतात, गाठोडे बांधताना थोडा कापूस सांडतो, काट्यापाशी येईपर्यंत उन्हाने थोडा हलका होतो. त्याचे काहीतरी बाईच्या पदरात पडावे म्हणून तो अर्धा तिचा. हे त्यांनी मला पूर्वी कधी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.

नियम तोच ठेवायचा असे ठरले, म्हणून मी माझे पहिले फंक्शन लिहिले. त्याला ‘पुरा’ असे नाव दिले. आत एकच ओळ आहे : आलेल्या वजनात अर्धा मिळवायचा आणि ‘इंट’ला द्यायचे. ‘इंट’ दशांशानंतरचे सारे छाटून टाकते. छत्तीसमध्ये अर्धा मिळवला तर साडेछत्तीस होतात, शेपूट छाटले की पुन्हा छत्तीस. साडेछत्तीसमध्ये अर्धा मिळवला तर सदतीस पूर्ण होतात आणि छाटायला काही उरत नाही. या वेळी मी एका आकड्यावर थांबले नाही. शून्यापासून पन्नासपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढत जाऊन १०१ आकडे त्यातून काढले आणि सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. मी वाचत होते, त्या माझ्या आधी उत्तर सांगत होत्या. आम्ही दोघी आणि ‘पुरा’ एकदाही वेगळे पडलो नाही.

भाचा पुढे होळीला आला तेव्हा माझा प्रोग्राम उघडून पाहत होता. ‘सम’ दिसले, ‘मॅक्स’ दिसले, ‘सॉर्टेड’ दिसले, आणि मध्येच हे मराठी नाव. “मामी, अठी ‘राउंड’ काहून नाई वापरलं?” मी त्याला अडीच देऊन पाहायला सांगितले. त्याने पाहिले, मग साडेतीन दिले, मग साडेचार. तीन वर्षे शिकूनही हे आपल्याला कोणी सांगितले नाही असे तो म्हणाला, आणि बराच वेळ स्वतःच एकेक बिल्ट-इन काढून त्याला आडवेतिडवे आकडे देत ओसरीवर बसून राहिला.

यंदाची वेचणी गेल्या आठवड्यात सुरू झाली. काल ती जाऊ गाठोडे घेऊन आली तेव्हा काटा साडेचौतीसवर थांबला. मी मोठ्याने वाचले, आकडा भरला. ती गाठोडे न सोडवता माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि पडद्यावर पस्तीस उमटेपर्यंत थांबली. मग तिने आकड्यावरून गाठोडे उतरवले, गाठ सोडली, आणि कापूस ढिगावर ओतून रिकामे पातळ झटकून घडी करू लागली.